एकतीस नंबरचा खड्डा

१४ जानेवारी २००३, सेंडुमा

कचेरी आज उघडली. कचेरी म्हणजे लोखंडी कंटेनर. पत्रा कापून दोन खिडक्या केल्यात आणि जुन्या कचेरीच्या जोत्यावर आणून ठेवलाय. जोतं तेवढं जळायचं राहिलं होतं. अकरा वाजल्यानंतर उकाड्यानं आत बसवेना, म्हणून टेबल बाहेर आंब्याखाली काढलं.

साहेब म्हणजे मिस्टर डेकर. राजधानीहून आलेत. सभ्य माणूस, बोलताना सारखी मान पुसतात. म्हणाले, "न्यांडेमोबाई, लढाईआधीचं रजिस्टर तुमच्याच हातचं होतं ना? मग नवंही तुम्हीच लिहायचं. यापुढे परवान्याशिवाय हिऱ्याच्या खाणीत कुणी टोपलीभर मातीसुद्धा हलवता कामा नये."

मी बरं म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

चार कोऱ्या वह्या मिळाल्या. तीन रजिस्टरला लागतील. चौथी ही.

१७ जानेवारी

पूर्वी इथले दोनशे बारा प्लॉट मला तोंडपाठ होते. आजही डोळे मिटले की नंबर येतात, हद्दी येतात. कोणत्या प्लॉटवर कोण खणायचं ते चेहरे मात्र येत नाहीत. कामाला नंबर पुरतात.

मी रजिस्टर लिहायची आणि फया, माझा नवरा, मोजणीची साखळी धरायचा. सगळी कचेरी म्हणायची, एकाच घरात साखळी आणि कुलूप. अठ्ठ्याण्णव साली बंडखोर गावात शिरले तेव्हा मी आमच्या मुलीला, सियाला, घेऊन सरहद्द ओलांडली. फया म्हणाला, "नकाशे कुठंतरी लपवतो आणि दोन दिवसांत मागून येतो." आम्ही गिनीतल्या छावणीत चार वर्षं काढली. तो आला नाही. पुष्कळ पुरुषांनी तिकडे दुसरे संसार मांडले. त्यानंही मांडला असेल. मी त्यावर फार विचार करत नाही.

सिया म्हणते, इथं कुणाला विचार तरी. ती एकोणीस वर्षांची आहे, शिवणकाम शिकते. मी म्हटलं, हरवलेल्यांचा फॉर्म जिल्ह्याच्या गावी मिळतो, तिकडे गेले की आणीन.

२३ जानेवारी

अर्ज यायला लागले. आंब्याखाली जत्रा. परवान्याला तीन गोष्टी लागतात: जमीनमालक घराण्याची संमती, चीफचा, म्हणजे गावच्या मुखियाचा, शिक्का आणि शेजाऱ्यांचा पंचनामा. पंचनाम्यात विचारायचं की या जागेत वस्ती, देवाची राई किंवा दफनभूमी आहे का. हो किंवा नाही, खूण करायची.

एक जण म्हणाला, "बाई, लढाईत एक बंदूक दाखवली की प्लॉट मिळायचा. आता तीन तीन शिक्के. बंदूक सोपी पडायची."

सगळे हसले. विनोद चांगला होता असं मलाही वाटलं.

शेवटी मोरलाय जाबी आला. अठ्ठावीसएक वर्षांचा, लांब हातांचा. तो बंडखोरांत होता हे सगळ्यांना माहीत आहे. शस्त्र जमा केल्याचं कार्ड त्यानं स्वतःहून टेबलावर ठेवलं. या भागात पाणी उपसायचा चालू पंप एकट्याकडे आहे, याच्याकडे. अर्ज एकतीस नंबरचा. मोसोए ओढ्याच्या वळणावरचा, चांगला प्लॉट आहे. खुर्ची रिकामी असून तो बसला नाही. सगळा वेळ टेबलाच्या पायाकडे बघत बोलला.

"नाव?" मी विचारलं.

"माझं?"

"मग कुणाचं?"

"मोरलाय जाबी," तो म्हणाला, आणि मग, "तुम्हीच का न्यांडेमोबाई?"

"मीच."

"बरं," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या अर्जदारांना माझं नाव विचारावं लागत नाही. पाटीवर लिहिलंय. याला वाचता येत नसावं.

२५ जानेवारी

जाबीनं कोंबडी पाठवली. परत केली. नियम आहे.

४ फेब्रुवारी

एकतीस नंबर मोजायला गेले. चीफचे कारभारी पा मटुरी बरोबर होते. ते म्हातारे, उन्हाला कंटाळून पामच्या सावलीत बसले. मोजणीची नवी फीत मदत देणाऱ्या परदेशी लोकांनी दिलीय. एक टोक मी धरलं, दुसरं जाबीनं.

दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. एक, ओढ्याकाठचे बाकी सगळे खड्डे उघडे आहेत, हिरव्या पाण्यानं भरलेले. हा एकटाच बुजलेला, वर कंबरभर गवत. बंडखोर खड्डे बुजवण्याच्या भानगडीत पडत नसत. पुरानं गाळ वाहून आला असेल.

दुसरी, हद्दीचे दगड मला सापडत नव्हते. चारही दगड गवताखाली गेलेले. जाबी सरळ चालत गेला आणि चारही ठिकाणी टाच आपटून दाखवली.

मी विचारलं, "तुला कसे ठाऊक?"

"एकानं दाखवले होते."

"कुणी?"

"मोजणीतला माणूस होता. आकडेही त्यानंच शिकवले मला."

ऊन फार होतं. मी पुढे विचारलं नाही. कोपरे बरोबर जुळले. आकडे घेतले आणि परतले.

११ फेब्रुवारी

एकतीसचा पंचनामा झाला नाही.

चीफच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या प्लॉटवाले, ओढ्यावर चाळण घेऊन हिऱ्यांसाठी खडी धुणाऱ्या बायका, मिळून वीसेक माणसं. याच लोकांनी तीस नंबरचा पंचनामा सुपारी फोडावी तसा झटक्यात उरकला होता. मी फॉर्म वाचला. वस्ती आहे का? नाही. राई? नाही. दफनभूमी?

कुणी बोलेना.

मी परत विचारलं. एक जण नखं बघू लागला. मी म्हटलं, "हो किंवा नाही. कोरा रकाना मला चालत नाही."

खडीवाल्या बायकांची म्होरकी मा तेवा. तोंडानं तिखट बाई, पुरुषही वचकून असतात. ती म्हणाली, "तुझ्याऐवजी दुसरं कुणी नाही का कचेरीत?"

"का? मी बाई आहे म्हणून?"

"मी काय गलबताचा कप्तान आहे? मीही बाईच," ती म्हणाली. "तू नको विचारूस एवढंच सांगते. दुसऱ्याला पाठव."

"काम माझं आहे."

"मग आम्हाला वेळ नाही." आणि ती उठली. तिच्यामागे सगळ्या उठल्या.

मी समजले. ही माणसं इथं मरत होती तेव्हा मी छावणीत पोत्यातलं फुकटचं धान्य खात होते, हा राग आहे. तो असायचाच. पण फॉर्मचा काय दोष?

निघताना मा तेवाच्या सुनेनं मला थांबवून भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी दिली. वर धुरावलेल्या माशाचा मधला तुकडा. मधला तुकडा कुणी पाहुण्यालासुद्धा देत नाही. रागही करतात आणि जेवूही घालतात. या लोकांचं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी

मी तक्रार केली, तेव्हा डेकरसाहेब स्वतः ओढ्यावर जाऊन आले. येऊन बराच वेळ जीपमध्येच बसून राहिले. मग मला म्हणाले, "केनेमा शहरातल्या कचेरीत एक जागा आहे. पक्की इमारत, पंखा. तुम्ही जाता का?"

"माझं काही चुकलं का, साहेब?"

"नाही, नाही."

"मग रजिस्टर कोण लिहील?"

त्यांनी मान पुसली. "हो, तेही आहेच," म्हणाले. "विचार करा."

मला हलवायचा बेत दिसतोय. गावानं त्यांचे कान भरले असणार. मी चिठ्ठी लिहून दिली की मी इथेच ठीक आहे.

२ मार्च, रविवार

दुपारी सिया माझ्या वेण्या घालत होती. मी पायरीवर, ती मागे. अर्धं डोकं झालं होतं. ती म्हणाली, "आई, बाबा एकतीस नंबरात आहेत."

मी म्हटलं, "एकतीसचा पंचनामा व्हायचाय अजून."

"आई. खड्डा ढासळला तेव्हा ते आत होते. नव्व्याण्णव साली. मला डिसेंबरातच सांगितलं मा तेवानं. सगळ्यांना माहीत आहे."

मी विचारलं, किती वाजले. ती म्हणाली, तीन. मी म्हटलं, उरलेलं डोकं पुरं कर, उद्या कचेरी आहे.

तिनं पुरं केलं. नीट घातल्यात, घट्ट. संध्याकाळी शेंगदाण्याचं कालवण होतं. मी जेवले. हे लिहिताना हात चांगला चालतोय.

५ मार्च

मा तेवाकडे गेले. ती ओढ्यात गुडघाभर पाण्यात खडी धूत होती. मला बघून चाळण खाली ठेवली.

मी म्हटलं, "आत किती जण आहेत?"

"अकरा. माझे दोन त्यात."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? तू आलीस ती वही काखेत मारून. येईल त्याला नंबर विचारत होतीस. मला वाटलं, हिला माहीत असून ही अशी बसलीय, का माहीतच नाही? तुझ्या तोंडावरून काय कळतंय. पाटीसारखं कोरं."

ती पुढे म्हणाली, "आणि खरं ऐकायचंच असेल तर ऐक. तुझ्या नवऱ्यानं हद्दी आखल्या आणि आमच्या पोरांनी त्या हद्दीत खणलं. त्याला बंदूक लावली होती, मान्य. आमच्या पोरांनाही लावली होती. पण कुठं खणायचं ते तो दाखवायचा. मला वर्षभर त्याचं नाव तोंडात घेववत नव्हतं."

"आता?"

"आता काय. माझ्या पोरांच्या शेजारीच झोपलाय."

तिनं पाण्यात हात धुतले आणि माझ्या खांद्यावर एक ओला हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. ब्लाऊजवर गाळाचा डाग पडला, तो धुतल्यावर गेला.

६ मार्च

जाबीला कचेरीत बोलावलं. डेकरसाहेब म्हणाले, मी थांबू का? मी म्हटलं, नको.

या वेळी मी त्याला बसायला लावलं. त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण पुढे कुणी विचारलं तर लेखी असावं.

तेव्हा तो त्या खड्ड्यावर पहारा करायचा. खणणारे सगळे धरून आणलेले. फयालाही कचेरीजवळच धरलं होतं, नकाशे पुरत असताना. खड्डा ढासळला त्या दिवशी सकाळीच फयानं सांगितलं होतं की ओढ्याकडच्या भिंतीला तडा गेलाय, माणसं बाहेर काढा. जाबीनं ते कमांडरला जाऊन सांगितलं. कमांडर म्हणाला, तडा दिसतो ना त्याला, मग त्यालाच खाली पाठव, कुठपर्यंत आहे ते मोजू दे.

"मग?"

"मग मी येऊन सांगितलं त्यांना. खाली जा म्हणून."

"तू सांगितलंस."

"हो. मी."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. फीत मागितली. मी दिली. शिडीवरून उतरताना म्हणाले, टोक धर, सैल सोडू नकोस." जाबीचे हात टेबलावर होते, ते त्यानं मांडीवर घेतले. "मी धरलं होतं. मग भिंत आली. फीत हातातून गेली."

त्यांना उकरून काढायला चार जण धावले, तर कमांडरनं हवेत गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला. तो कमांडर पुढच्या वर्षी तापानं मेला.

मी विचारलं, "आता तिथं परवाना कशाला मागतोस?"

"गाळाखालची खडी भारी आहे तिथली. खोटं कशाला बोलू." मग म्हणाला, "आणि परवान्याशिवाय ती जमीन उघडताच येत नाही. तुमचाच नियम."

"म्हणजे तुला हिरे हवेत का ती माणसं काढायचीत?"

"दोन्ही," म्हणाला. "आधी माणसं."

मला त्याचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आला नाही. मनात एवढंच आलं की फयाचं शेवटचं बोलणं ऐकलेला माणूस हाच एक आहे. फयाचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही, याला आठवत असेल. विचारलं नाही. विचारायचा फॉर्म नव्हता.

९ मार्च

पंचनाम्याच्या रकान्याचा घोळ असा. दफनभूमीला "हो" लिहिलं तर प्लॉट कायमचा बंद. मग तिथं कुणालाच फावडं लावता येणार नाही, माणसं आहेत तशीच राहतील. "नाही" लिहिलं तर ते खोटं, आणि परवाना मिळाल्यावर हाडं कुठल्या टोपलीतून कुठं गेली ते कोण बघणार?

हा फॉर्म ज्यानं बनवला त्याला अशी जागा असू शकेल असं वाटलं नसावं.

१४ मार्च

अकरा घरांची बैठक चीफच्या ओट्यावर. मीही त्यातलं एक घर म्हणून बसले. टेबलामागे नव्हते. सिया शेजारी होती.

काही म्हणाले, झोपलेत त्यांना झोपू द्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "झोपलेत? उभ्यानं झोपलेत की आडवे, तुला काय माहीत?" मग कुणी तसं म्हणालं नाही.

मा तेवा म्हणाली, "काढा. पण पंप त्याचाच लागणार, दुसरा आहे कुणाकडे? आणि पंप आला की चाळण आलीच. माझ्या पोरांवरची माती मी त्याला धुऊ देणार नाही."

तेव्हा मी बोलले. काय बोलायचं ते आधी ठरवलं नव्हतं. म्हटलं, परवाना नाही, नुसती उघडायची परवानगी देता येईल. पावसाआधी. तोवर प्लॉटवर एकही चाळण येणार नाही. खडी निघेल ती कडेला ढीग करून ठेवायची आणि ढिगावर अकरा घरांच्या बायका बसतील. अकराही जण निघाले, पुरले गेले, की मगच परवान्याचा विचार.

पा मटुरी म्हणाले, "असं कलम कुठं आहे?"

"नाही. मी लिहीन."

जाबी ओट्याखाली उभा होता. पा मटुरींनी विचारलं, "काय रे, तुझं डिझेल, तुझी माणसं, आणि हातात काहीच नाही. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणालं, "न चालून सांगतो कुणाला." थोडं हसू झालं. जाबी हसला नाही.

१८ मार्च

डेकरसाहेबांनी माझं कलम तीनदा वाचलं. "वर काय म्हणतील देव जाणे," म्हणाले, आणि सही केली. केनेमाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

२४ मार्च

पंप चालू.

२ एप्रिल

पाणी उपसून नऊ हात खाली गेलेत. बायका ढिगाभोवती छत्र्या लावून बसतात, कसावा सोलतात, भांडतात. काल एका खणणाऱ्यानं चप्पल झटकली तर मा तेवानं त्याला दोन्ही चपला काढून आपटायला लावल्या. "हिरा पायात अडकला तर टोचेल बाळा तुला," म्हणाली.

मी रोज कचेरी सुटल्यावर जाते. भिंतीचा उतार बघते. जाबीनं भिंती पायऱ्या पायऱ्यांनी उतरत्या घेतल्यात. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

८ एप्रिल

पहिले दोन निघाले. मा तेवाचा धाकटा असावा, कमरेच्या पट्ट्यावरून. ती रडली नाही. पट्टा धुतला, पिळला आणि गवतावर वाळत घातला.

१२ एप्रिल

सात झाले.

१६ एप्रिल

अकरा.

फया कोणता ते ओळखता येत नाही. सियानं विचारलं, "तुला दातांवरून कळेल?" मी बघितलं. चार वर्षं मातीत राहिलेले दात सगळ्यांचे सारखेच असतात. त्याच्या हातातली फीत कापडाची होती, कुजली असेल. मी म्हटलं, "नाही कळत."

सिया खड्ड्याच्या काठावर बसून रडली, मोठ्यानं. बायकांनी तिला धरलं. मी कपडा घेऊन अकराही जणांवरचा गाळ पुसत होते. एकाच्या बोटाला जास्त वेळ लावायचा नाही आणि दुसऱ्याच्या कमी नाही, असं ठरवलं होतं. पा मटुरी दोनदा म्हणाले, फिंदा, आता पुरे. पण अजून तीन राहिले होते.

किती दिवसांनी कुणी मला नावानं हाक मारली.

२६ एप्रिल

दफन झालं. इमाम आले, पाद्री आले, दोघं एकमेकांना आधी तुम्ही म्हणत राहिले. अकरा कबरी सारख्या, गावाच्या वरच्या अंगाला. मा तेवानं मला आणि सियाला आपल्या बाजूला उभं केलं. जाबी आला नव्हता. खड्डे मात्र त्यानंच आदल्या दिवशी खणून दिले होते.

चाळिसावा दिवस जूनमध्ये येतो.

६ मे

राजधानीहून मिस्टर सिल्ला आले. पांढरी गाडी, काळा चष्मा, कुणा मोठ्या माणसाचे मेहुणे. अर्ज एकतीस नंबरचा. जमीन उघडी, पाणी उपसलेलं, खडीचा ढीग तयार. नुसती चाळण लावायची बाकी.

मी म्हटलं, "त्यावर आधीचा अर्ज आहे."

"कुणाचा? त्या बंडखोराचा?" त्यांनी चष्मा काढला. "बाई, मला सगळी हकिकत कळलीय. तुमचं दुःख मी समजतो. ज्यानं तुमच्या यजमानांना खाली पाठवलं त्याच्या हातात तुम्हीच तो प्लॉट द्यायचा? माझं नाव लिहा. तुमच्यावरही उपकार होतील, गावावरही."

बोलले ते पटण्यासारखं होतं. मी विचार करते म्हटलं. तीन दिवस मागून घेतले.

डेकरसाहेबांनी कानावर हात ठेवले. "शिफारस तुम्ही करायची. मी तुमच्या शिफारशीवर सही करीन. जी असेल ती."

संध्याकाळी सियाला विचारलं. ती म्हणाली, "जाबीला दिलास तर मी तुला काही म्हणणार नाही. पण मला त्याच्याशी बोलायला लावू नकोस."

९ मे

मा तेवाला विचारलं. ती म्हणाली, "मला कशाला विचारतेस? मी त्याचं तोंड बघून माझी पोरं आठवते. पांढऱ्या गाडीवाल्याचं तोंड बघून मला काहीच आठवत नाही. तुला कोणतं बरं?"

मी म्हटलं, "मला बरं-वाईट काही वाटत नाही, मा. रजिस्टरात आधी आलेला अर्ज आधी, एवढंच आहे."

"मग तेच लिही. मला सांगायला एवढ्या लांब कशाला आलीस?" ती म्हणाली आणि मला बसवून जेवू घातलं.

खरंच, कशाला गेले होते ते माहीत नाही.

१२ मे

पंचनामा पुन्हा घेतला. वस्ती? नाही. राई? नाही. दफनभूमी?

"नाही," मा तेवा म्हणाली. बाकीचेही म्हणाले. मी रकान्यात खूण केली. या वेळी ती खरी होती.

शिफारस: मोरलाय जाबी. मिस्टर सिल्ला गाडीत बसून निघून गेले. जाताना म्हणाले, तुमच्या नोकरीचं बघू. बघतील.

१५ मे

जाबी परवाना घ्यायला आला. धुतलेला शर्ट. डेकरसाहेबांनी सही करून कागद माझ्याकडे सरकवला आणि उगाच जीपकडे गेले.

मी अटी वाचून दाखवल्या. प्रत्येक अटीला तो हो म्हणाला. मग सहीची जागा आली. त्याला आकडे येतात, अक्षरं नाहीत. शाईचा पॅड पुढे केला. त्यानं अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर आणला, पण टेकवेना. अंगठा कधी ओळीवर, कधी ओळीखाली जाई. दोन कागद खराब झाले असते, आणि छापील कागद मोजकेच आहेत.

मी उठून त्याच्या बाजूला गेले आणि त्याचा अंगठा धरला. कचेरीत असं नेहमी करतात. अंगठा जाड होता आणि चांगलाच गरम. मी तो कागदावर दाबला. ठसा पुसट येऊ नये म्हणून पुरता वेळ दाबून धरला. त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ गेला असावा, कारण तो हळूच म्हणाला, "बाई, झालं?"

"झालं," मी म्हटलं आणि सोडला.

त्यानं कागद घेतला तरी तो उभाच. मी म्हटलं, "दर सोमवारी मी भिंत बघायला येणार. तडा दिसला तर कुणीही खाली उतरायचं नाही. कुणी सांगितलं तरी."

"कुणी सांगितलं तरी," तो म्हणाला.

हे अटींमध्ये कुठंच नाही. डेकरसाहेबांना सांगून सगळ्या परवान्यांत घालून घ्यायला हवं. तो गेल्यावर एक जुना फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूला ती अट लिहायला घेतली. पहिल्या ओळीला बसले ती बसलेच. अक्षर नीट येईना. बाहेरून साहेब म्हणाले, "न्यांडेमोबाई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. गाल पुसले तर हाताला शाई होती. ती सगळी तोंडाला लागली.